भरतीची धाव, ट्रेनिंग आणि हाडा-स्नायूंच्या दुखापती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा-सांगली पट्ट्यात पहाटे पाचला कुठल्याही रस्त्यावर उभं राहा, सैन्यभरतीची तयारी करणारी पोरं धावताना दिसतील. अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आणि १९६१ पासूनचं साताऱ्याचं सैनिक स्कूल ज्या जिल्ह्यात आहे, तिथे हे नवल नाही. मात्र यातली बरीच मुलं मैदानी चाचणीत नापास होण्याआधीच नडगी धरून बसतात. काही निवडली जातात आणि ट्रेनिंग सेंटरच्या पहिल्या दोन महिन्यांत पाय जायबंदी करून बसतात. हे प्रश्न त्यांचे, त्यांच्या पालकांचे आणि अकॅडमीतल्या प्रशिक्षकांचे आहेत.

ट्रेनिंगमध्ये नेमकं काय दुखावतं?

बहुतेक दुखापती कमरेखालच्या असतात: गुडघा, नडगी, घोटा, तळपाय. पडून-आपटून मोडणं त्या मानाने कमी. जास्त दुखापती वारंवार पडणाऱ्या ताणाच्या असतात. नडगीच्या आतल्या कडेची सूज, गुडघ्याच्या वाटीमागचं दुखणं, टाचेच्या शिरेची सूज, तळव्याची शीर धरणं आणि हाडाला बारीक तडा जाणं, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर. चवड्याच्या हाडांचं हे दुखणं १८५५ साली प्रशियाच्या एका लष्करी डॉक्टरने सैनिकांमध्ये पहिल्यांदा नोंदवलं. त्याला आजही ‘मार्च फ्रॅक्चर’ म्हणतात.

भरतीला १.६ किलोमीटर पाच-साडेपाच मिनिटांत धावलो, काही झालं नाही. मग ट्रेनिंगच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पाय का धरला?

कारण दम आणि स्नायू लवकर तयार होतात, हाड सावकाश. दोन-तीन आठवड्यांत छाती भरून येणं कमी होतं, मांड्या भरतात, मुलाला वाटतं आपण तयार झालो. हाडाचं गणित वेगळं आहे. नवा ताण पडला की हाड आधी जुना, थकलेला भाग पोखरून काढतं आणि मग तिथे नवं हाड भरतं. पोखरण्याचं काम तीन-चार आठवड्यांत होतं, भरायला तीन महिने लागतात. म्हणजे पहिल्या महिन्याच्या शेवटी हाड सुरुवातीपेक्षाही थोडं कच्चं असतं, आणि नेमकं तेव्हाच ड्रिल, पीटी आणि पिठ्ठू (पाठीवरची लष्करी बॅग) घेऊन चालणं जोरात सुरू झालेलं असतं. घराची जुनी भिंत पाडून नवी बांधायला घेतली आणि अर्ध्यातच छतावर पाण्याची टाकी चढवली, तसं.

दुसरी गोष्ट, भरतीची धाव चार फेऱ्यांची. ट्रेनिंगमध्ये सकाळच्या पीटीपासून संध्याकाळच्या खेळापर्यंत दिवसभर पाय वापरात असतो. धावण्याचे किलोमीटर वहीत लिहिले जातात. बरॅकपासून मेस, मेसपासून मैदान हे चालणं कुणी मोजत नाही. परेडमध्ये टाच आपटून सावधान होणं, कदमताल, हेही हाडाला धावण्याइतकेच, कधी त्याहून जास्त दणके देतं.

कोणाला धोका जास्त असतो?

सगळ्यात भरवशाचं लक्षण म्हणजे आधीची दुखापत. मागच्या वर्षी घोटा मुरगळला होता, नडगी धरली होती, आणि ‘आपोआप बरी झाली’ म्हणून सोडून दिली, तर तोच पाय पुन्हा पहिला जातो. त्याच्या खालोखाल धावण्यातला दम. बऱ्याच देशांच्या लष्करांत हेच दिसलं आहे की प्रवेशाच्या वेळी शर्यतीत मागे राहणाऱ्यांना दुखापती जास्त होतात. कारण सोपं आहे: तुकडी एकाच वेगाने चालते. जो वेग पहिल्या मुलासाठी साधा असतो, त्यावर शेवटचा मुलगा जिवाच्या आकांताने धावत असतो. थकलेला स्नायू दणका झेलत नाही, तो हाडावर ढकलतो.

वजनाच्या बाबतीत दोन्ही टोकं वाईट. जाड मुलाच्या गुडघ्यावर भार येतो हे सगळ्यांना कळतं, पण लुकडा, खाण्याची आबाळ असलेला मुलगाही तडा जाण्याच्या बाबतीत तितकाच धोक्यात असतो. त्याची हाडं अरुंद आणि पोटऱ्या बारीक असतात. अंग फार ताठ असणं आणि फार लवचीक असणं, दोन्हींत दुखापती वाढतात. उंच कमानीचा पाय दणका कमी शोषतो. सपाट पायाची जेवढी भीती घातली जाते तेवढी गरज नाही. चालताना दुखत नसेल आणि कमान बोटांवर उभं राहिल्यावर दिसत असेल, तर दुखापतीच्या दृष्टीने तो पाय बहुधा चालतो. भरतीच्या वैद्यकीय तपासणीचे निकष मात्र वेगळे, ते जाहिरातीत बघा.

ज्यांनी आधीची काही वर्षं उड्या, वळणं, अचानक थांबणं असलेले खेळ खेळले आहेत, त्यांना तडे कमी जातात. इस्रायली सैनिकांच्या अभ्यासांत चेंडूचे खेळ खेळून आलेल्या मुलांत हे स्पष्ट दिसलं. आपल्याकडच्या खो-खो आणि कबड्डीतही पाय अशाच सगळ्या दिशांनी पडतो. म्हणून दहावीनंतर ‘आता फक्त रनिंग’ म्हणून मुलाचा खेळ बंद करू नका.

नडगीचं दुखणं साधं आहे की तडा गेलाय, हे घरी कसं ओळखायचं?

पलंगावर बसा, पाय सैल सोडा. नडगीच्या आतल्या कडेवर, घोट्याच्या चार बोटं वरून सुरुवात करून अंगठ्याने दाबत वर जा. एक-एक बोट सरका, घाई करू नका.

चांगल्या वीतभर पट्ट्यात सगळीकडे थोडं-थोडं दुखत असेल, धावायला सुरुवात केल्यावर दुखणं कमी होत असेल आणि थांबल्यावर पुन्हा येत असेल, तर ती बहुधा हाडावरच्या आवरणाची सूज आहे, ज्याला मुलं ‘शिन’ म्हणतात. धावणं निम्म्यावर आणा, दोन आठवडे डांबरी रस्ता सोडा, दिवसातून दोन-तीन वेळा दहा मिनिटं बर्फ कापडात गुंडाळून लावा.

एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर बोट ठेवताच कळ आली, तिथे हाडावर किंचित फुगवटा लागला, दुखणं धावताना वाढतच गेलं, रात्री अंथरुणातही ठणकलं, तर तो तडा धरून चालायचं. धावणं त्याच दिवशी बंद. ‘एका पायावर उडी मारून बघ’ हे वारंवार करून खात्री करत बसू नका. एकदा कळ आली तेवढं पुरे.

एक्स-रे काढला, त्यात काही नाही असं सांगितलं. मग धावू का?

नाही. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तडा साध्या एक्स-रेवर बऱ्याचदा दिसतच नाही. भरून यायला लागल्यावर नव्या हाडाची रेघ उमटते, तेव्हा कुठे दिसतो. लवकर कळण्यासाठी एमआरआय लागतो, तो सातारा, सांगली आणि मिरजेत होतो. खर्च परवडत नसेल तर डॉक्टरांशी बोलून तडा आहे असं समजून विश्रांती घ्यायची आणि तीन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढायचा. ‘नॉर्मल’ रिपोर्ट हातात घेऊन मैदानावर परतणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. बारीक तड्याचं पूर्ण मोडलेलं हाड होतं ते इथेच.

काहीच धावत नव्हतो. तयारीला किती आठवडे लागतात?

सोळा. जाहिरात निघाल्यावर महिनाभरात उरकायची तयारी हीच निम्म्या दुखापतींची आई आहे.

पहिले दोन आठवडे फक्त झपाझप चाल, ३० ते ४० मिनिटं, आठवड्यातून चार दिवस. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल, असं आठ वेळा, एकाआड एक तीन दिवस. पाचव्यापासून सलग धाव १५ मिनिटं, आठव्या आठवड्यापर्यंत ती २५ मिनिटांवर न्यायची. अजूनही तीनच दिवस. वेग इतकाच की शेजारच्याशी बोलता यावं. नवव्यापासून चौथा दिवस जोडा आणि त्यातला एक दिवस ४०० मीटरचे चार तुकडे, मध्ये दोन-तीन मिनिटं चालत विश्रांती. बाराव्या आठवड्यात सगळं मिळून १८ ते २० किलोमीटर पुरेत. शेवटच्या चार आठवड्यांत तुकडे सहा करा आणि पंधरा दिवसांतून एकदाच पूर्ण १.६ किलोमीटर घड्याळ लावून धावा. ५ मिनिटं ३० सेकंदांत यायचं तर ४०० मीटरची फेरी सरासरी साडेब्याऐंशी सेकंदांत पडली पाहिजे. पहिली फेरी ७० सेकंदांत काढून तिसरीला मरणारी मुलं प्रत्येक मैदानावर असतात.

दर चौथा आठवडा एक तृतीयांशाने हलका ठेवा. कच्च्या हाडाला भरून यायला तो वेळ लागतो. ‘आठवड्याला दहा टक्केच वाढवा’ हा नियम ऐकला असेल. तो काही अचूक विज्ञान नाही. एकदम दुप्पट न करणं आणि वेग व अंतर एकाच आठवड्यात न वाढवणं, हे जास्त महत्त्वाचं.

आठवड्यातून दोन दिवस ताकद: एका पायावर पोटरी उचलणं १२चे तीन सेट (हळूहळू २० पर्यंत), बैठका, पुढे पाऊल टाकून वाकणं, प्लँक आणि आडवा प्लँक. सोबत उड्या. उड्यांबाबत एक चांगली गोष्ट अशी की हाड मजबूत होण्याचा निरोप पहिल्या वीस-चाळीस दणक्यांतच ऐकतं, त्यापुढे बहिरं होतं आणि काही तासांच्या विश्रांतीनंतर पुन्हा ऐकू लागतं. म्हणून पुढे-मागे-बाजूला अशा दहा-दहा उड्या पुरतात, शंभर मारून फायदा वाढत नाही.

साताऱ्यातला यवतेश्वरचा घाट किंवा अजिंक्यताऱ्याचा रस्ता धावण्यासाठी चांगला का?

चढायला चांगला, उतरायला वाईट. चढावर दम वाढतो आणि पाऊल हलकं पडतं. उतारावर मांडीचा स्नायू ताणलेल्या स्थितीत ब्रेक लावतो, नडगीवर दणका वाढतो, गुडघ्याची वाटी घासते. पहिले आठ आठवडे घाट टाळा, नंतर आठवड्यातून एकदा धावत चढा आणि चालत उतरा. गटाने घाट उतरताना शर्यत लावू नका.

सांगली-मिरज-तासगावकडे चढ नाही, तिथला त्रास काळ्या मातीचा. उन्हाळ्यात ती दगडासारखी कडक होते आणि भेगांत पाऊल अडकून घोटा मुरगळतो. पावसाळ्यात निसरडी होते. बुटाला लगदा चिकटून पाऊल जड होतं, त्याने जांघेचा स्नायू खेचला जातो. मळलेली, सपाट पायवाट किंवा क्रीडासंकुलाचा मातीचा ट्रॅक सगळ्यात बरा. रस्त्याच्या एकाच कडेने रोज धावू नका. रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, एक पाय कायम खाली पडतो.

पाठीवर वाळूचं पोतं घेऊन धावण्याचा सराव करावा का?

धावू नका, चाला. भरतीआधी वजन घेऊन धावण्याने मिळतं कमी आणि जातं जास्त. निवड झाल्यानंतर प्रशिक्षणाला जायला महिना-दीड महिना असेल तर पाच किलोपासून सुरू करा, आठवड्यातून दोनदा, ३० मिनिटं, सपाटीवर. दर आठवड्याला एक-दीड किलो वाढवा, दहा-बारा किलोवर थांबा. वजन पाठीच्या वरच्या भागाला चिकटून राहिलं पाहिजे. कमरेवर लोंबणारी पिशवी माणसाला पुढे वाकवते आणि कंबर धरते. पट्टा फार आवळला की खांदा-हाताला मुंग्या येतात, तेव्हा लगेच सैल करा.

चालताना पाऊल लांब टाकून वेग वाढवू नका, पावलं भराभर टाका. तुकडीत बुटके मागे आणि उंच पुढे असतील तर बुटक्यांना ढांगा टाकत धावावं लागतं, त्याने खुब्याच्या आणि कटीच्या हाडांना तडे जातात. बुटक्याला पुढे ठेवून त्याच्या पावलाने तुकडी चालवणं हा बिनखर्चाचा उपाय प्रत्येक उस्तादाच्या, म्हणजे लष्करी प्रशिक्षकाच्या, हातात आहे.

मी तालमीत घडलोय, रोज पाचशे जोर-बैठका काढतो. मलाही जपावं लागेल का?

ताकदीची तुमची पुंजी मोठी आहे, पण ती लाल मातीतली. आखाड्यातली माती दणका पिते, रस्ता पीत नाही. शिवाय पैलवानाचं वजन जास्त. तुम्हीही चालण्यापासूनच सुरू करा.

दुसरीकडे, ज्याला सवय नाही त्याला शिक्षा म्हणून एकदम दोनशे-तीनशे बैठका देणं धोक्याचं आहे. उन्हात, तहानलेल्या अंगाने हे केलं तर स्नायू फुटून त्यातला रंग लघवीत उतरतो आणि मूत्रपिंड बंद पडू शकतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या प्रमाणाबाहेर सुजल्या आणि लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर वाट न बघता रुग्णालय गाठा.

बूट कोणते घ्यावेत?

पायाला बसणारे. पायाच्या कमानीनुसार बूट निवडून दिले तरी दुखापती कमी झाल्या नाहीत, हे लष्करी प्रशिक्षणार्थींवर तपासून झालेलं आहे. संध्याकाळी पाय थोडा फुगलेला असतो, तेव्हा घ्या. पुढे अंगठ्याएवढी जागा हवी. टाच हलता कामा नये. पाचशे ते आठशे किलोमीटरनंतर तळव्याचा फोम दबून जातो. बूट टेबलावर ठेवून मागून बघा, एका बाजूला कलला असेल तर काम झालं त्याचं. अनवाणी धावायची सवय असेल तर बूट आणि अनवाणी यांची अदलाबदल एका आठवड्यात करू नका.

लष्करी बूट नवे मिळाले की आधी दोन आठवडे रोज तासभर घालून फिरा. पायाला फोड आला की माणूस नकळत लंगडतो, आणि त्या वाकड्या चालीतून गुडघा जातो.

धावण्याआधी ताणाचे व्यायाम केले की दुखापत टळते ना?

उभं राहून अर्धा-अर्धा मिनिट पाय ताणल्याने नाही. ऑस्ट्रेलियाच्या लष्करी भरतीतल्या हजाराहून जास्त मुलांवर हे तपासलं गेलं, दुखापतींत अर्थपूर्ण फरक पडला नाही. त्याऐवजी पाच मिनिटं चाल, पाच मिनिटं हलकी धाव, गुडघे उचलणं, पाय झुलवणं.

आहारात काय हवं?

आधी पोटभर. उपाशी पोटी पळणारा आणि रात्री दोन भाकरींवर झोपणारा मुलगा हाड भरून काढायला सामान कुठून आणणार? ६० किलोच्या मुलाला दिवसाला ७० ते ९० ग्रॅम प्रथिनं लागतात: डाळ-उसळ दोन्ही वेळा, दूध, अंडी, शेंगदाणे, जमेल तेव्हा मटण-मासे. कॅल्शियम साधारण १,००० मिलिग्रॅम. एका मोठ्या ग्लास दुधात सुमारे ३०० मिळतं, नाचणीच्या एका भाकरीत दोनशेच्या आसपास. हुलग्यांचं माडगं आणि तिळाची चटणी आपल्या घरात आहेच, ती ताटात परत आणा.

ड जीवनसत्त्वाबाबत एक गैरसमज मोडायला हवा. पहाटे पाचला धावणाऱ्याला ऊन मिळत नाही. कोवळ्या उन्हात ते फारसं तयार होत नाही, त्यासाठी उन्हं वर आलेली लागतात आणि हातपाय उघडे लागतात. अमेरिकी नौदलाच्या महिला प्रशिक्षणार्थींना रोज २,००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८०० युनिट ड जीवनसत्त्व दिल्यावर तडे सुमारे २० टक्क्यांनी कमी झाले. म्हणून रक्ततपासणी करून, डॉक्टरांना विचारून गोळी घ्या. आठवड्याची साठ हजार युनिटची पुडी मनाने महिनोन्‌महिने चालू ठेवू नका.

मुलींना दुखापती जास्त का होतात?

हाडं अरुंद, स्नायू कमी, आणि तुकडीच्या वेगाने जायला जास्त कष्ट. पण अमेरिकी लष्करात धावण्याच्या वेळेत सारख्या असलेल्या मुला-मुलींची तुलना केली तेव्हा फरक बराचसा मिटला. म्हणजे मुख्य कारण तयारीचं आहे, आणि मुलींना खेळायला मैदान उशिरा मिळतं हे त्याच्या मुळाशी आहे.

पाळी हा विषय लाजून टाळू नका. तयारी सुरू केल्यावर पाळी तीन महिने आली नाही, तर शरीर सांगतंय की खाणं कमी पडतंय. त्याच वेळी हाडंही विरत असतात. आईने हे विचारावं, प्रशिक्षकाने तसं वातावरण ठेवावं आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावं.

तंबाखूचा हाडाशी काय संबंध?

धूम्रपान करणाऱ्या प्रशिक्षणार्थींना दुखापती जास्त होतात आणि हाड भरायला वेळ लागतो, हे पक्कं आहे. मळलेल्या तंबाखूतही निकोटीनच असतं. तयारीच्या पहिल्या दिवशी सोडा.

झोप किती?

सात-आठ तास. इस्रायली लष्कराने सहा तासांची झोप सक्तीची केली आणि चालण्याचं एकूण अंतर घटवलं, तेव्हा तडे निम्म्याहून खाली आले. पहाटे साडेचारला उठवणाऱ्या अकॅडमीने रात्री नऊला दिवे घालवले पाहिजेत. मोबाईलवर बारा वाजवून पहाटे धावणारा मुलगा कालचाच थकवा घेऊन धावत असतो.

चाचणीच्या दिवशी पेनकिलर घेतली तर?

गोळी दुखणं झाकते, तडा नाही. रोज गोळी घेऊन सराव करणं तर अजिबात नको. या गोळ्यांचा आणि हाडाच्या तड्यांचा संबंध सैनिकांत दिसून आला आहे, शिवाय उन्हात पाणी कमी पडलं तर मूत्रपिंडावर ताण येतो.

ट्रेनिंगमध्ये दुखतंय म्हणून सांगितलं तर मागच्या बॅचला टाकतील. गप्प राहू का?

ही भीती खरी आहे, ती कुणी हसण्यावारी नेऊ नये. पण हिशोब बघा. नडगीची सूज पहिल्या आठवड्यात सांगितली तर बहुतेक वेळा काही दिवस हलकी ड्युटी मिळते. तीच तड्यापर्यंत नेली तर सहा ते आठ आठवडे जातात. खुब्याच्या हाडाला गेलेला तडा लपवला आणि ते सरकलं, तर शस्त्रक्रिया होते आणि नोकरीच धोक्यात येते. आजारी परेडला (लष्करी डॉक्टरांच्या तपासणीला) जाताना तारीख, जागा आणि कशाने वाढतं हे कागदावर लिहून न्या. ‘सर, पाय दुखतोय’ यापेक्षा ‘डाव्या नडगीवर एकाच जागी, पाच दिवसांपासून, रात्रीही’ हे ऐकून डॉक्टर लगेच हलतात.

त्याच दिवशी डॉक्टरांकडे कधी जायचं?

जांघेत खोल दुखतंय आणि त्या पायावर भार देता येत नाही: हा खुब्याच्या हाडाचा तडा असू शकतो, चालत जाऊ नका. मुरगळलेल्या घोट्यावर चार पावलंही टाकता येत नाहीत, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबल्यावर दुखतं. पोटरी दगडासारखी घट्ट झाली, पाऊल बधिर पडलं. कंबरदुखीसोबत लघवी-शौचावरचा ताबा गेला. आणि वर सांगितलेली काळपट लघवी.

तडा भरल्यावर पुन्हा धावायला कधी सुरू करू?

दाबल्यावर दुखत नाही आणि ३० मिनिटं झपाझप चालून दुसऱ्या सकाळीही दुखत नाही, या दोन्ही गोष्टी जमल्यावर. नडगीच्या साध्या तड्याला याला सहसा सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर दम टिकवायला सायकल चालवा, तीही दुखत नसेल तरच. मग एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल, पाच वेळा, दिवसाआड. दुखलं नाही तर दर दोन सत्रांनी धावेत अर्धा मिनिट वाढवा. दुखलं तर दोन दिवस थांबून मागच्या पायरीवर या. घड्याळ लावून १.६ किलोमीटर धावायचा दिवस परत सुरुवात केल्यापासून सात-आठ आठवड्यांनी येतो. जाहिरातीची तारीख त्याआधी असेल, तर ती भरती सोडून पुढची धरा.